माझा एच-इंडेक्स पाच, त्यांचा एकतीस: मुलाखतीला कशी जाऊ?

पत्र कोकणातल्या एका प्राध्यापिकेचं आहे. नावगाव गाळून आणि थोडं आखडून देते. त्यातला एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, यावरून काढलेला आकडा.

‘मॅडम, मी एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. वय ३९. माझं काम वर्गीकरणाचं, सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, गेंद या बारीक गोल डोक्यांच्या पावसाळी फुलांच्या प्रजातींवर. पीएच.डी. त्यातच केली आणि दोन नव्या प्रजातींचं वर्णन केलं. एकूण १४ पेपर आहेत, त्यातले पाच लग्नाआधीच्या नावाने. आता विद्यापीठात सहयोगी प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करतेय. अर्जात एच-इंडेक्स विचारलाय. माझा पाच दिसतो. आमच्याच विभागातले एक सर त्याच जागेला अर्ज करताहेत, ते वनस्पतींच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण तयार करतात, त्यांचा एकतीस आहे. मागच्या महिन्यात प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांचे आकडे पडद्यावर लावले. माझं नाव खालून दुसरं होतं. मला मान वर करवेना.

आता चार-पाच कॉलेजांतल्या लोकांनी एक गट केलाय. प्रत्येकाने आपल्या पेपरात बाकीच्यांचे पेपर साईट करायचे, म्हणजे त्यांचा संदर्भ द्यायचा. मलाही बोलावलंय. शिवाय व्हॉट्सॲपवर रोज मेसेज येतात, स्कोपसमधला (ही निवडक जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची) पेपर तयार आहे, लेखकाची जागा विकत घ्या म्हणून. मिस्टर म्हणतात, सगळेच करतात, तूच का मागे राहतेस? मी चुकीचा विषय निवडला का? गटात गेले तर खरंच काही बिघडेल का?’

ताई, आधी सरळ उत्तर देते. गटात जाऊ नका. मेसेज पाठवणाऱ्याला ब्लॉक करा. आणि तुमचा एच-इंडेक्स पाच नाही.

आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण अर्जाची तारीख जवळ आहे. तुम्ही प्रत्येक पेपरची सायटेशन, म्हणजे त्याला इतरांनी दिलेले संदर्भ, पत्रात लिहून पाठवलीत हे फार चांगलं केलंत. लग्नानंतरच्या नावाचे नऊ पेपर असे: १८, १२, ११, ८, ७, ५, ३, १ आणि शून्य. एच-इंडेक्स काढायचा म्हणजे पेपर उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचं. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो तुमचा आकडा. पाचव्या पेपरला सात सायटेशन आहेत, चालतं. सहाव्याला पाचच, तिथे थांबलो. म्हणून गूगल स्कॉलरवर पाच दिसतो. आता लग्नाआधीचे पाच पेपर घ्या: ३१, २२, १४, ९, ६. हे तुमच्या प्रोफाइलवर नाहीतच. सगळे १४ एकत्र लावले तर सातव्या पेपरला नऊ सायटेशन येतात, आठव्याला आठ, नवव्याला सात. म्हणजे एच-इंडेक्स आठ. एकूण सायटेशन ६५ नाहीत, १४७ आहेत. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर सहा. तुमचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं काम, ते ३१ वालं, पडद्यावर आलंच नव्हतं.

हे फक्त तुमचं नाही. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधक बाईचं काम अर्ध्यात तुटतं आणि तिचं तिलाही कळत नाही. त्यात आपली तीन शब्दांची नावं. सरकारी फॉर्ममध्ये आडनाव आधी लिहायची सवय हाताला लागलेली असते, तीच जर्नलच्या फॉर्ममध्येही उतरते. परदेशातलं सॉफ्टवेअर शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरून चालतं, आणि मग नवऱ्याचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं, आडनावाचं पहिलं अक्षर तुमचं आद्याक्षर होतं. एकाच बाईच्या स्कोपसमध्ये तीन-तीन नोंदी झालेल्या मी पाहिल्या आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करताना असे तुटलेले धागे जोडून देणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग होता, आणि नव्वद टक्के वेळा जुनं नाव विचारलं की कोडं सुटायचं.

करायचं ते असं. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये लेख जोडण्याची सोय आहे. तिथे जुनं नाव घालून शोधा, आपले पाच पेपर निवडा आणि जोडा. एकच पेपर दोनदा आला असेल तर दोन्ही नोंदी एकत्र करा. दुसऱ्या कुणाचा पेपर चुकून तुमच्या नावाखाली आला असेल तर तो काढा, आकडा खाली आला तरी काढा. मग ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक, घ्या. हा सोळा अंकी क्रमांक २०१२पासून मिळतो, फुकट आहे, आणि त्यात ‘या नावानेही ओळखली जाते’ असं लिहून जुनं नाव नोंदवता येतं. इथून पुढे प्रत्येक पेपर पाठवताना तो द्यायचा. स्कोपसमध्ये तुमच्या दोन लेखक-नोंदी असणार, त्या एक करण्याची विनंती तिथेच ऑनलाइन करता येते. मंजुरीला थोडा वेळ लागतो म्हणून आजच करा. इन्फ्लिबनेटच्या ‘विद्वान’ या संशोधकांच्या ऑनलाइन सूचीवर तुमचं पान असेल तर तेही दुरुस्त करा, कारण महाविद्यालयं पुष्कळदा तिथूनच आकडे उचलतात.

एक लक्षात ठेवा. स्कॉलरचा आकडा स्कोपसपेक्षा जवळजवळ नेहमी जास्त असतो, कारण स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांचे लेख, सगळीकडची सायटेशन धरतो आणि स्कोपस निवडक प्रकाशनांतलीच. अर्जात आकड्यापुढे तो कुठला आणि कुठल्या तारखेचा हे लिहा. समितीतल्या जाणकार माणसाला एवढ्यावरून कळतं की समोरच्या उमेदवाराला आपण काय सांगतोय ते ठाऊक आहे.

आता आठ आणि एकतीस. हे अंतर उरतंच, आणि तुमचं खरं दुखणं तेच आहे.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हर्श यांनी मांडला. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी हिशेब केला तो मुख्यत: भौतिकशास्त्रज्ञांचा. मोठ्या अमेरिकी संशोधन विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक होताना बाराच्या आसपास आणि प्राध्यापक होताना अठराच्या आसपास आकडा असावा, असं त्यांनी सुचवलं, आणि विषयागणिक हे बदलतं, जीवशास्त्रात आकडे वरचे असतात हेही त्याच लेखात नोंदवलं. ती दुसरी ओळ वाचायची तसदी घेतली जात नाही. ज्या विषयात वर्षाला पेपरांचा पूर येतो, प्रत्येक पेपरखाली पन्नास-साठ संदर्भ असतात आणि दोन वर्षांपूर्वीचं काम जुनं समजलं जातं, तिथे सायटेशन भराभर जमतात. चांदीच्या नॅनोकणांचा विषय तसा आहे. सरांच्या कामाला म्हणून कमी लेखू नका. त्यांचं चांगलं असेल, वाईट असेल, ते एकतीसवरून कळत नाही एवढंच.

वर्गीकरणाची गोष्ट वेगळी, आणि इथे एक अन्याय पद्धतीतच आहे. तुम्ही वर्णन केलेल्या गेंदाचं नाव कुणीही पेपरात लिहिलं की नावापुढे तुमचं संक्षिप्त नाव येतं. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम मोजणारा लिहितो, परागीभवनाचा अभ्यास करणारा लिहितो, पर्यावरण-परिणामाचा अहवाल करणारा लिहितो. पण तुमचा मूळ पेपर खालच्या संदर्भयादीत बहुतेक वेळा येत नाही. यंत्र संदर्भयादी मोजतं, नावापुढचं नाव मोजत नाही. सायटेशन शून्य. थिओडोर कुक यांचं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचं काम १९०१ ते १९०८ दरम्यान छापलं गेलं. हे कुक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. महाराष्ट्रात वनस्पती ओळखायला बसलेला माणूस आजही त्यांचे खंड उघडतो, तुम्हीही उघडले असतील. ते खंड किती हातांत गेले आणि किती वेळा मोजले गेले, यांचा एकमेकांशी काही मेळ नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना मागच्या फक्त दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली हे बघतात. युजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियात सायटेशनची सूची उभी केली, तिच्यातून हा आकडा आला. कुठली जर्नलं सूचीत घ्यायची आणि ग्रंथालयाने कुठली मागवायची, या कामासाठी तो उपयोगी होता, आणि ग्रंथपाल म्हणून मी तो वापरलाही आहे. पण प्रजातीचं वर्णन दोन वर्षांत वाचून संपत नाही. पुढचा माणूस त्याच सड्यावर वीस वर्षांनी पोचतो तेव्हा त्याला ते लागतं.

एका पेपरने जर्नलचा आकडा किती हलतो याचं एक उदाहरण सांगते, मुलाखतीत उपयोगी पडेल. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या स्फटिकशास्त्राच्या जर्नलच्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता. २००९ साली तो ४९.९२६ झाला. कारण एकच लेख, स्फटिकांची रचना काढण्याच्या एका सॉफ्टवेअरचा इतिहास सांगणारा. ते सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येक जण तो लेख साईट करत होता. त्याच अंकातल्या बाकीच्या लेखकांच्या कामात तसूभर फरक पडला नव्हता, पण त्यांच्याही बायोडेटात पन्नासच्या जर्नलमधला पेपर आला. म्हणूनच २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही संपादकांनी आणि संशोधकांनी जाहीरनामा काढला की जर्नलच्या आकड्यावरून एका माणसाच्या कामाची किंमत करू नका. २०१५ साली लायडन जाहीरनामा आला, त्यातही आकड्यांनी तज्ज्ञांच्या पारखीला मदत करावी, तिची जागा घेऊ नये असं म्हटलंय.

तुमच्या क्षेत्राला हा फटका थेट बसलाय. २०२० साली ‘झूटॅक्सा’ या प्राणी-वर्गीकरणाच्या जर्नलला क्लॅरिव्हेटने, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या कंपनीने, आपल्या यादीतून काढलं. कारण दिलं, जर्नल स्वत:लाच फार साईट करतं. जगभरात नव्या प्राण्यांची वर्णनं जिथे सर्वांत जास्त छापली जातात, तिथला लेखक मागची वर्णनं शोधायला दुसरीकडे कुठे जाणार? वर्गीकरणवाले एकजुटीने बोलले आणि महिन्याभरातच निर्णय मागे घेतला गेला. वनस्पतींसाठीचं ‘फायटोटॅक्सा’ त्याचंच भावंड. तुमचे दोन पेपर तिथले आहेत.

आणि मला कोसंबी आठवल्याशिवाय राहवत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे. आपल्याकडे इतिहासकार म्हणूनच त्यांची जास्त ओळख. १९४४ साली त्यांचा एक छोटा लेख ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर त्यांच्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून कसं काढायचं, याचं सूत्र त्यात होतं. ज्या काळात पिकांचे जनुकीय नकाशे हातानेच, मोजक्या खुणांवर काढले जात होते, तेव्हाचं हे काम. पुढे संगणक आले, भात, गहू, ज्वारी, टोमॅटो यांचे नकाशे तयार होऊ लागले, आणि नकाशा काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सूत्रासाठी हाल्डेन (ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ) आणि कोसंबी असे पर्याय आले. आज पीक-प्रजननाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ‘कोसंबी फंक्शन वापरलं’ हे वाक्य ऐकू येतं. पुष्कळ पेपरांत ते एवढंच असतं, खाली संदर्भ नसतो. नाव पद्धतीचा भाग झालं की संदर्भ देणं सुटतं.

त्यांचंच दुसरं काम बघा. १९४३ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये त्यांनी यादृच्छिक फलनांचा विस्तार, म्हणजे ती साध्या फलनांच्या बेरजेत लिहिण्याची रीत, मांडला. चार-पाच वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी तेच स्वतंत्रपणे मांडलं, आणि जगभर ते त्या दोघांच्या नावाने रूढ झालं. कोसंबींचं नाव काही लोक आता आवर्जून आधी जोडतात, बरेच जोडत नाहीत. मला हे वाचून दर वेळी हळहळ वाटते. लेख भारतीय जर्नलमध्ये होता म्हणून तो कमी खरा नव्हता, फक्त कमी टेबलांवर पोचला. म्हणून मी तुम्हाला ‘आकडे सोडा, काम करत राहा’ असं सांगणार नाही. काम पोचवणं हाही कामाचाच भाग आहे.

पोचवायचं कसं, ते तुमच्या विषयातूनच सांगते. सुट्या नव्या प्रजातीच्या वर्णनापेक्षा अख्ख्या वनस्पतिगटाचा आढावा किंवा ओळख-किल्ली (लक्षणं पडताळत प्रजाती ओळखण्याची मांडणी) जास्त साईट होते, कारण परिसरशास्त्रज्ञ, वनविभाग, विद्यार्थी, सगळ्यांना ती लागते. तुमचा ३१ सायटेशनवाला पेपर किल्लीचाच आहे ना? तुमच्या जिल्ह्यातल्या सड्यांवरच्या सगळ्या गेंदांची किल्ली तुमच्या इतकी कुणाला येणार? ती लिहा. ‘ऱ्हीडिया’ किंवा ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ ही आपल्याकडची नावाजलेली जर्नलं आहेत, कोणालाही फुकट वाचता येतात. नमुन्यांची छायाचित्रं आणि डीएनए क्रम उघड्या भांडारांत टाका. आणि एक सवय तुम्ही स्वत: लावा. पेपरात प्रजातीचं नाव येईल तिथे तिच्या मूळ वर्णनाचा संदर्भ यादीत द्या. परीक्षक म्हणून दुसऱ्याचा पेपर आला तर त्यालाही तसं सुचवा. कितीतरी वर्गीकरणतज्ज्ञ हे मागत आले आहेत.

यादीत मूळ वर्णनाचा संदर्भ देणं आणि त्या कॉलेजवाल्यांच्या गटाचे पेपर साईट करणं, यात फरक काय, असं मिस्टर विचारतील. फरक वाचणाऱ्यासाठी आहे. मूळ वर्णनाच्या संदर्भावरून वाचणारा योग्य ठिकाणी पोचतो. गटातल्या माणसाच्या असंबद्ध पेपरचा संदर्भ दिला तर वाचणारा तिथे जातो आणि त्याला काही मिळत नाही. एखादी पीएच.डी.ची मुलगी त्या पेपरसाठी ग्रंथालयात येते, तो मिळवायला आठवडा घालवते, आणि आपलंच काहीतरी समजायचं राहिलं असं तिला वाटतं. अशा मुली माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या आहेत. खोट्या सायटेशनचं बिल कुणीतरी भरतंच.

आता व्यवहाराचं बोलू. ‘काही बिघडेल का’ असं तुम्ही विचारलंत. तुमच्यासारख्या लहान क्षेत्रात सगळ्यात आधी बिघडेल. १४ पेपर, १४७ सायटेशन, सगळी वनस्पतिशास्त्राच्या जर्नलांतली. त्यात सहा महिन्यांत साठ नवी सायटेशन यायला लागली, तीही व्यवस्थापन, संगणक आणि गृहविज्ञानाच्या लेखांतून, तर समितीतल्या तज्ज्ञाला एका क्लिकमध्ये दिसेल. ‘कुणी साईट केलं’ ही यादी प्रत्येक पेपरखाली उघडी असते. जो तुमच्या विषयातला आहे तो ती उघडणारच.

हे आकडे फुगवणं सोपं आहे हे आता सगळ्यांना माहीत झालंय. २०२४ साली दोन संशोधकांनी मुद्दाम दाखवून दिलं. त्यांनी लॅरी नावाच्या एका मांजराच्या नावाने अर्थहीन बारा पेपर तयार केले, ते साईट करणारे आणखी खोटे पेपर नेटवर टाकले, आणि पंधरवड्याच्या आत गूगल स्कॉलरवर त्या मांजराची १३२ सायटेशन आणि एच-इंडेक्स ११ झाला. त्यांचा हेतू लोकांना सावध करण्याचा होता, आणि लोक सावध झालेही. क्लॅरिव्हेट दर वर्षी सर्वाधिक साईट होणाऱ्या संशोधकांची यादी काढतं. २०२३ साली त्यातून हजाराहून जास्त नावं संशयावरून गाळली आणि गणित हा विषय पूर्णच वगळला, कारण तिथे एकूण सायटेशन कमी असल्याने थोड्याशा लबाडीनेही क्रम उलटासुलटा होतो. तुमचं क्षेत्रही तसंच लहान आहे. त्याच वर्षी जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. पेपर विकणारे जे तुम्हाला मेसेज पाठवतात, तशांच कारखान्यांतला माल त्यात मोठ्या प्रमाणावर होता. पेपर मागे घेतला की लेखकांची नावं तिथेच राहतात, त्यावर लाल अक्षरांत शिक्का बसतो आणि तो आयुष्यभर शोधता येतो. एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीनेही २०२५पासून मागे घेतलेल्या पेपरांसाठी संस्थेचे गुण वजा करायला सुरुवात केलीय. म्हणजे आज जे प्राचार्य आकडा वाढवा म्हणतात, त्यांनाच उद्या तुमच्याकडे हिशेब मागावा लागेल.

जर्नलच्या यादीबद्दल थोडक्यात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ साली आपल्या मान्य यादीतली ४,३०५ जर्नलं काढून टाकली, मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने केअर यादी आणली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद केली. आता कुठलीही सरकारी यादी तुमच्या वतीने निवड करणार नाही. जर्नलचे संपादक कोण, ते खरोखर त्या विषयातले आहेत का, परीक्षण किती आठवड्यांत होतं, मागच्या अंकात काय छापलंय, हे आपलं आपणच बघायचं. चार दिवसांत स्वीकृती देणाऱ्याकडे जायचं नाही.

आता मुलाखत. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत संशोधन-गुणांचा तक्ता आहे. विज्ञानात प्रत्येक पेपरला आठ गुण, इम्पॅक्ट फॅक्टरनुसार जास्तीचे गुण, दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, दोनहून जास्त असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. सहयोगी प्राध्यापकासाठी किमान सात पेपर आणि ७५ गुण लागतात. त्या तक्त्यात एच-इंडेक्सचा रकाना नाही. विद्यापीठाने अर्जात तो विचारलाय, तर प्रामाणिकपणे भरा, पण तुमची पात्रता त्यावर अडलेली नाही हे मनात पक्कं ठेवा. तुमच्या १४ पेपरांपैकी नऊ ठिकाणी तुम्ही पहिल्या लेखिका आहात. गुणांचा हिशेब तिथून चांगला भरतो. सरांच्या यादीत सहा-सहा, आठ-आठ लेखक असतील, तर तिथे गणित वेगळं होतं. ते त्यांचं त्यांना करू द्या.

अर्जासोबत एक पान जोडा. त्यावर आकडे चार ओळींत, बाकी कामाबद्दल. तुमच्या दोन प्रजातींची नावं आंतरराष्ट्रीय वनस्पती-नाम सूचीत आहेत, त्या नोंदी द्या. लंडनच्या क्यू उद्यानाच्या जागतिक वनस्पती-संकेतस्थळावर ती नावं स्वीकृत म्हणून आहेत का ते बघा, असतील तर तसं स्पष्ट लिहा. कारण याचा अर्थ असा की बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलं आणि मान्य केलं, आणि हा कुठल्याही सायटेशनपेक्षा मोठा निर्वाळा आहे. प्ररूप नमुने, म्हणजे ज्यांवरून प्रजातीचं वर्णन केलं ते मूळ नमुने, कुठे ठेवलेत ते लिहा. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहात एक आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एक, असं तुम्ही म्हणता. क्रमांकासकट लिहा. तुमची किल्ली कुणाकुणाच्या प्रबंधात वापरली गेली ते शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात सापडेल. ते प्रबंध स्कोपस मोजत नाही, पण समितीतला माणूस मोजेल. त्या सड्यावर खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आला तेव्हा तुमची यादी कुणी मागितली असेल, तर ते पत्र जोडा.

आणि कुणी विचारलंच, ‘मॅडम, तुमचा एच-इंडेक्स आठच?’, तर वरमू नका आणि वादही घालू नका. शांतपणे सांगा: ‘हो सर, स्कॉलरवर आठ. वनस्पती-वर्गीकरणात, माझ्याबरोबर पीएच.डी. झालेल्यांमध्ये तो कुठे बसतो हे मी काढून आणलंय.’ आणि खरंच काढून न्या. आपल्याकडच्या पाच-सहा समवयस्क वर्गीकरणवाल्यांचे प्रोफाइल बघा, सरासरी काढू नका, सगळ्यात खालचा आणि वरचा आकडा द्या. तुम्ही मधे कुठेतरी असाल. नसाल, खालीच असाल, तरी तेच सांगा आणि किल्लीचा पेपर पुढे करा.

त्या पडद्याबद्दलही बोलायला हवं. वनस्पतिशास्त्र, मराठी, वाणिज्य आणि रसायनशास्त्रवाल्यांचे आकडे एका रांगेत लावणं हे चुकीचं होतं, आणि ते सगळ्यांसमोर लावणं त्याहून वाईट. तुम्हाला वाईट वाटलं यात तुमचा दुबळेपणा नाही. जमलं तर प्राचार्यांना एकट्यात भेटा. तक्रार म्हणून जाऊ नका. दुरुस्त केलेलं प्रोफाइल घेऊन जा आणि सांगा की पुढच्या वेळी विभागवार लावलं तर महाविद्यालयाचंही चित्र खरं दिसेल. त्यांच्यावरही वरून दबाव असतो. बहुतेक प्राचार्यांना हा फरक कुणी समजावून सांगितलेलाच नसतो.

विषय चुकला का, या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते असं मला वाटत नाही. पण एक विचारते. पावसाळ्यात सड्यावर पाण्याच्या कडेला वाकून, भिंगाखाली त्या बारक्या डोक्यातलं एकेक फूल सोडवताना तुम्हाला जे वाटतं, ते चांदीच्या कणांच्या आलेखाकडे बघताना वाटेल का? वाटणार असेल तर बदला, चाळिशीत विषय बदललेले लोक आहेत. नसेल वाटणार तर एकतीससाठी बदलू नका. कोकणातल्या सड्यांची माहिती असलेली माणसं थोडी आहेत, आणि सडे झपाट्याने जाताहेत. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

शेवटचं, कागदपत्रांचं. जुन्या नावाचे पाच पेपर अर्जात दाखवताना छाननीत बाद होऊ नयेत म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे तिन्ही जोडा. पीएच.डी.ची पदवी कुठल्या नावाने आहे तेही तपासा. पेपरांच्या यादीत प्रत्येक ठिकाणी छापलेलं नाव जसंच्या तसं लिहा आणि वर एका ओळीत ‘अमुक नावाने प्रसिद्ध’ असा खुलासा करा. स्कोपसची एकत्रीकरणाची विनंती अर्जाच्या तारखेपर्यंत मंजूर झाली नाही, तर विनंती केल्याची ईमेल छापून सोबत लावा.